रियासतकार सरदेसाई आणि त्यांचे बंगाली स्नेही

परप्रांतात राहून मराठ्यांच्या इतिहासाची अखंड सेवा करणारे रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई आपणा बृहन्महाराष्ट्रीयांना विशेष जवळचे वाटावेत. रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल या खेड्यात १७ मे १८६५ रोजी त्यांचा जन्म झाला. १८८९ साली ते सयाजीराव महाराजांच्या सेवेत बडोद्यास गेले आणि १९२५ पर्यंत तेथेच राहिले. राजपुत्रांना शिकविताना काढलेल्या टिपणांतूनच ‘रियासत’ जन्मास आली.

मराठी कागदांत त्यांची गती मोठी. परंतु मोगलांच्या इतिहासाची फारसी साधने त्यांच्या आटोक्याबाहेर होती. १९०४ च्या सुमारास पाटण्याचे प्राध्यापक जदुनाथ सरकार यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. औरंगजेबाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या जदुनाथांना मराठी साधने हवी होती आणि त्यासाठी ते मराठीही शिकले. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढावी, असा हा योग होता.

पुढे अर्धशतकाहून अधिक काळ ही पत्रे जात-येत राहिली. एखाद्या तिथीचा घोळ, एखाद्या नावाचे वाचन, नव्याने हाती आलेला कागद, मनात घोळत असलेले अनुमान, असे सारे छापखान्यात जाण्यापूर्वीच एकमेकांसमोर ठेवले जाई. जदुनाथांचा अभिप्राय अनेकदा कठोर असे. मराठी राज्याच्या उणिवांवर ते निःसंकोच बोट ठेवीत. सरदेसाईंना मात्र त्या राज्यामागे स्वराज्य आणि स्वधर्म यांची प्रेरणा दिसे. हा मतभेद अखेरपर्यंत मिटला नाही. तरीही आपले लेखन या परखड स्नेह्यास दाखविणे सरदेसाईंनी सोडले नाही.

या स्नेहाची किंमतही त्यांना मोजावी लागली. जदुनाथांच्या शिफारशीवरून मुंबई सरकारने पेशवे दप्तराचे काम सरदेसाईंकडे सोपविले, ते पुण्यातील काही संशोधकांना रुचले नाही. शिवरायांविषयी जदुनाथांनी लिहिलेले अनेकांना मान्य नव्हते. त्यांचा मित्र म्हणून सरदेसाईंवरही रोष आला. पासष्टीच्या घरातील हा वृद्ध मात्र हजारो रुमाल उलगडीत बसला आणि १९३० ते १९३४ या अवधीत निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. त्यानंतर १९३६ पासून पुणे रेसिडेन्सीच्या इंग्रजी पत्रव्यवहाराची माला दोघांच्या देखरेखीखाली निघू लागली.

निवृत्तीनंतर सरदेसाई इंद्रायणीकाठी कामशेत येथे राहिले. जदुनाथ तेथे येत, मुक्काम करीत आणि पत्रांतील वाद समोरासमोर पुढे चाले. वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, १९४६ ते १९४८ या काळात, सरदेसाईंनी मराठ्यांचा नवा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत पूर्ण केला. १९५७ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९ मे १९५८ रोजी जदुनाथ कलकत्त्यास निवर्तले. दीड वर्षाने, २९ नोव्हेंबर १९५९ रोजी, कामशेतला रियासतकारांनीही देह ठेवला.

दोघांची भाषा वेगळी, प्रांत वेगळा आणि मतेही वेगळी. पण आपले अपुरे लेखन निःशंकपणे हाती द्यावे, एवढा विश्वास त्यांना परस्परांविषयी होता. परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांना असे शेजारधर्माचे नाते काही अनोळखी नाही.