गोविंदराव टेंबे

गोविंद सदाशिव टेंबे (जन्म : ५ जून १८८१, मृत्यू : ९ ऑक्टोबर १९५५) हे मराठी हार्मोनियमवादक, संगीतकार, गायक-नट आणि लेखक होते. साथीचे वाद्य मानल्या जाणाऱ्या हार्मोनियमला स्वतंत्र मैफलीचा दर्जा मिळवून देणाऱ्या आरंभीच्या वादकांत त्यांची गणना होते. संगीत मानापमान या नाटकातील पदांच्या चाली त्यांच्या आहेत.

== संगीताचे संस्कार ==
टेंबे यांची जडणघडण कोल्हापुरात झाली. हार्मोनियम ते बहुतांशी स्वतःच शिकले. शास्त्रीय संगीताची गोडी त्यांना कोल्हापूरच्या देवल क्लबमधील मैफलींतून लागली. पुढे त्यांनी भास्करबुवा बखले यांना गुरू मानले आणि त्यांच्या गाण्याला साथ केली. अल्लादियाखाँ त्या काळी छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात होते. टेंबे यांनी त्यांची रीतसर तालीम घेतली नाही, पण त्यांच्या गायकीचा ठसा टेंबे यांच्यावर कायमचा उमटला. अल्लादियाखाँचे चरित्रही पुढे त्यांनी लिहिले.

== हार्मोनियमवादन ==
हार्मोनियम मूळचे युरोपातले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यात त्याला हाताने भाता चालवण्याचे रूप मिळाले आणि ते भारतभर पसरले. या वाद्याची अडचण त्याच्या रचनेतच आहे. सप्तकाचे बारा स्वर पट्ट्यांत पक्के बांधलेले असल्याने दोन स्वरांमधून घसरत जाणारी मींड त्यावर निघत नाही. दरबारीतला आंदोलित गंधारही हाती लागत नाही. पियानोची हीच मर्यादा युरोपीय संगीताला जाणवत नाही, कारण ते संगीतच ठरावीक स्वरांच्या मेळावर उभे आहे. भारतीय गायकाला मात्र ती पदोपदी खटकते.

टेंबे यांनी गायकी अंगाने वाजवून या उणिवेवर शक्य तितकी मात केली. भात्यातील हवेवर ताबा ठेवून आणि बोटे न तुटता एका पट्टीवरून दुसरीवर नेऊन ते स्वरांची सलगता साधत. ठुमरीसारखा लडिवाळ प्रकार एकट्या पेटीवर रंगवण्याबद्दल त्यांची विशेष ख्याती होती.

== रंगभूमी ==
कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे मानापमान किर्लोस्कर नाटक मंडळीने १२ मार्च १९११ रोजी रंगभूमीवर आणले. तोपर्यंत बहुधा नाटककारच प्रचलित चाली निवडून त्यांवर पदे रचत असत. येथे चालींचे काम टेंबे यांच्याकडे स्वतंत्रपणे सोपवले गेले आणि संगीतकार ही वेगळी भूमिका मराठी नाटकात ठळक झाली. उत्तर हिंदुस्थानी रागदारीबरोबर पूर्वेकडील ठुमरी-कजरीचे वळण त्यांनी या पदांत आणले. त्यामुळे नाट्यपद मैफलीतही गाण्याजोगे झाले. बालगंधर्वांच्या गळ्यातून ते घराघरांत पोहोचले. पाच वर्षांनी आलेल्या स्वयंवर नाटकाचे संगीत भास्करबुवांचे होते.

बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे या तिघांनी १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. टेंबे तेथे फार काळ राहिले नाहीत. त्यांनी शिवराज नाटक मंडळी ही स्वतःची संस्था काढली.

== चित्रपट आणि लेखन ==
प्रभात फिल्म कंपनीचा अयोध्येचा राजा (१९३२) हा पहिला मराठी बोलपट. त्यात टेंबे हरिश्चंद्राच्या भूमिकेत होते आणि संगीतही त्यांचेच होते. तारामतीची भूमिका दुर्गा खोटे यांनी केली. त्यानंतर मायामच्छिंद्र, सिंहगड आणि सैरंध्री या प्रभातच्याच चित्रपटांना त्यांनी संगीत दिले. माझा संगीत व्यासंग आणि माझा जीवनविहार ही त्यांची आत्मपर पुस्तके त्या काळच्या मैफलींचे आणि कलावंतांचे जाणकार चित्रण म्हणून वाचली जातात.

== नभोवाणीवरील बंदी ==
मार्च १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने आपल्या कार्यक्रमांतून हार्मोनियम बंद केले. भारतीय संगीतातील सूक्ष्म श्रुती या वाद्यावर निघत नाहीत, हा त्यामागील मुख्य आक्षेप होता. रवींद्रनाथ टागोरांचाही या वाद्याला विरोध होता. आक्षेप तांत्रिकदृष्ट्या निराधार नव्हता. पण ज्या वाद्यावर टेंबे यांची कीर्ती उभी होती, ते त्यांच्या उतारवयात देशातील सर्वांत मोठ्या श्रोतृवर्गापासून तुटले. गायकांच्या मैफलींतून मात्र पेटी हटली नाही. पी. मधुकर यांच्यासारख्या वादकांनी एकल वादनही चालू ठेवले. ही बंदी सैल होऊ लागली ती १९७० च्या दशकात. तोवर टेंबे यांच्या निधनाला दीड दशक उलटून गेले होते.