दोन घोडे छाप पँट, तिचा मालक आणि तिचा शिंपी

लीव्हाइजच्या जीन्सला मागे कमरेपाशी एक पट्टी असते. तिच्यावर दोन घोडे, दोघांच्या मध्ये ताणलेली पँट आणि हातात चाबूक घेतलेले दोन गडी. घोडे दोन्ही बाजूंनी ओढताहेत, पण पँट काही फाटत नाही. हे चित्र १८८६ सालचं. म्हणजे जीन्स हा शब्द या पँटला लागायच्या कितीतरी आधीचं.

ज्याचं नाव या मालाला लागलं तो लीव्हाय स्ट्रॉस शिंपी नव्हता. तो कापडाचा ठोक व्यापारी. जन्म १८२९ चा, जर्मनीतल्या बव्हेरियातल्या बुटेनहाइम गावात, ज्यू कुटुंबात. घरचं नाव ल्योब. वडील फिरून कापडचोपड विकायचे, ते १८४६ मध्ये क्षयाने गेले. बव्हेरियात ज्यूंनी कुठं राहायचं, काय धंदा करायचा यावर कायद्याचे जाच होते. पुढच्याच वर्षी आई मुलांना घेऊन अमेरिकेला निघाली. न्यूयॉर्कमध्ये सावत्र भावांचं कापड दुकान होतं, तिथं तो धंदा शिकला. कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि सगळं जग तिकडं धावलं. १८५३ मध्ये हाही सॅन फ्रान्सिस्कोला गेला, पण सोनं खणायला नाही, खणणाऱ्यांना लागणारा माल विकायला. तंबूचं कापड शिल्लक राहिलं म्हणून त्याने पँटी शिवल्या, ही गोष्ट आजही सांगितली जाते. ऐकायला छान आहे, पण खरी नाही. पहिली वीस वर्षं तो भावांकडून आलेला माल छोट्या दुकानदारांना विकत होता, एवढंच.

खरी गोष्ट नेवाडातल्या रेनो गावची. तिथं जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता, मूळचा रीगाचा. तंबू, घोड्यांच्या झुली असली जाड कामं तो करायचा आणि कापड स्ट्रॉसच्या पेढीतून घ्यायचा. एका मजुराची बायको त्याच्याकडं आली. नवरा अंगाने दांडगा, पँट टिकत नाही, खिसे फाटतात. झुलींना पट्टे ठोकायचे तांब्याचे रिव्हेट डेव्हिसच्या हाताशी पडलेले होते. त्याने तेच खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकले. पँटीची किंमत घेतली ३ डॉलर. बघता बघता मागणी एवढी वाढली की आता कुणीतरी नक्कल करणार, हे त्याला दिसायला लागलं.

पेटंटला ६८ डॉलर लागणार होते आणि ते त्याच्यापाशी नव्हते. १८७२ मध्ये त्याने स्ट्रॉसच्या पेढीला पत्र लिहिलं: खर्च तुम्ही करा, हक्कात अर्धा वाटा घ्या. स्ट्रॉसने हो म्हटलं. व्यापारी म्हणून त्याची खरी कमाई या एका होकारात आहे, असं मला वाटतं. २० मे १८७३ ला पेटंट मिळालं. डेव्हिस सॅन फ्रान्सिस्कोला येऊन शिवणकामावर देखरेख करू लागला. कापड डेनिम, निळीत रंगवलेलं. (कामकरी कपड्यांसाठी इंग्रजीत डंगरी असा दुसराही शब्द आहे. तो आपल्याकडच्या जाड डोंगरी कापडावरून गेला, आणि कापडाला नाव मुंबईच्या डोंगरीवरून पडलं, असं सांगतात.)

आता घोडे कशाला? पेटंटची मुदत १७ वर्षांची. १८९० नंतर रिव्हेट कुणीही ठोकू शकणार होतं. तेव्हा कारागिरीवरचा हक्क जायच्या आत गिऱ्हाइकाच्या डोक्यात खूण बसवणं भाग होतं. शिवाय खाणीत, शेतात राबणारे लोक देशोदेशींचे, कित्येकांना इंग्रजी वाचता यायचं नाही. आपल्या सीमाभागात हे फोड करून सांगायला नको. पाटीवर कुठली लिपी वर, यावरून इथं भांडणं होतात, पण काडेपेटी आणि विडी माणसं पिढ्यान्‌पिढ्या चित्रावरूनच मागत आली. तिथंही लोक दुकानात जाऊन दोन घोडेवाली पँट मागायचे. मालाचं नावही बरीच वर्षं तेच होतं.

स्ट्रॉसने लग्न केलं नाही. नोकरांनी आपल्याला साहेब न म्हणता नावाने हाक मारावी, असा त्याचा आग्रह असे. १८९७ मध्ये त्याने कॅलिफोर्निया विद्यापीठात २८ शिष्यवृत्त्या दिल्या. १९०२ मध्ये तो वारला आणि पेढी भाच्यांकडे गेली. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत पेढीची जुनी दप्तरं जळाली, त्यामुळं पुढं दंतकथांना रान मोकळं मिळालं.

डेव्हिस १९०८ मध्ये गेला. त्याला फसवलं असं म्हणता येणार नाही. पेटंटच्या कागदावर त्याचं नाव आहे, वाटा आणि कामही मिळालं. पण १९२८ मध्ये कंपनीने मालाचं नाव नोंदवलं ते लीव्हाइज. खिशाच्या कोपऱ्यावरचा तो तांब्याचा रिव्हेट जरा निरखून बघा. त्याच्यावर कोरलेली बारीक अक्षरंसुद्धा स्ट्रॉसच्या पेढीची आणि सॅन फ्रान्सिस्कोची आहेत.