संत ऑगस्टीन आणि प्रकटीकरणातील श्वापद

उपासना वर्षाच्या अखेरच्या आठवड्यांत, नोव्हेंबर महिन्यात, मिस्साबलिदानात दानीएलच्या किंवा प्रकटीकरणाच्या ग्रंथातील वाचने येतात. समुद्रातून वर येणारी श्वापदे, साखळीने जखडलेला अजगर, हजार वर्षांचे राज्य, गोग आणि मागोग, ६६६ हा अंक, ही सारी चित्रे या दोन ग्रंथांतलीच. ती ऐकताना अनेक श्रद्धावंतांच्या मनात भीती दाटून येते. कोल्हापूर परिसराने २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचा महापूर पाहिला. मधल्या २०२० सालात साऱ्या जगाबरोबर करोनाची साथ अनुभवली. अशा प्रत्येक संकटात कोणी ना कोणी मोबाईलवर संदेश धाडतो की शेवट जवळ आला, अमुक नेता हाच ख्रिस्तविरोधक, लसीची सुई हाच श्वापदाचा शिक्का. भोळीभाबडी माणसे घाबरतात, काही जण तर उपचारही टाळतात.

हा प्रश्न आजचा नाही. सोळाशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेतील एका महागुरुस्वामींपुढे तो याहून उग्र रूपात उभा राहिला होता. त्यांनी दिलेले उत्तर आजही ख्रिस्तसभेला दिशा दाखवते. ते महागुरुस्वामी म्हणजे संत ऑगस्टीन.

शब्दांच्या मागचा अर्थ

ऑगस्टीन यांचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजी तागास्ते या गावी झाला. आज हे गाव अल्जेरिया देशात सूक अहरास या नावाने ओळखले जाते. वडील पॅट्रिशियस हे आयुष्याच्या अखेरीपर्यंत ख्रिस्ती नव्हते. आई मोनिका मात्र श्रद्धाळू ख्रिस्ती होती. कार्थेज येथे शिक्षण घेत असताना, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, सत्याचा ध्यास लागलेल्या या तरुणाने पवित्र शास्त्र उघडले. परंतु लॅटिन वक्तृत्वाच्या मोठमोठ्या ग्रंथांपुढे त्याला ते रांगडे वाटले. तो मानी पंथाकडे वळला आणि सुमारे नऊ वर्षे तिथेच रेंगाळला.

३८४ साली वक्तृत्वाचे प्राध्यापक म्हणून ते मिलान नगरीत आले. तेथे महागुरुस्वामी अँब्रोज यांची प्रवचने त्यांच्या कानी पडली. शास्त्रातील एखादे चित्र वरवर विचित्र वाटले तरी त्याच्या आत आध्यात्मिक अर्थ दडलेला असतो, हे त्यांना प्रथमच उमगले. आपल्या महाराष्ट्रात भारूड ऐकणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. संत एकनाथांच्या भारुडातला विंचू अंगणातल्या दगडाखाली कोणी शोधत नाही. तो काम आणि क्रोध यांचा विंचू आहे हे अडाणी श्रोत्यालाही कळते. ऑगस्टीन यांना ही गोष्ट मिलानमध्ये कळली आणि शास्त्राचे बंद दार उघडले. ३८७ साली पुनरुत्थानाच्या सणाच्या जागरण रात्री अँब्रोज यांनीच त्यांना स्नानसंस्कार दिला. त्याच वर्षी आफ्रिकेला परतण्याच्या वाटेवर असताना ओस्तिया बंदरात मोनिकाने देह ठेवला.

विरोधकाकडून घेतलेली शिकवण

३९१ साली हिप्पो या बंदराच्या गावी लोकांनी आग्रहाने त्यांना धर्मगुरू केले आणि काही वर्षांतच ते तेथील महागुरुस्वामी झाले. त्या काळी आफ्रिकेतील ख्रिस्तसभा दुभंगली होती. डोनाटस यांचे अनुयायी आपणच शुद्ध, बाकी सारे भ्रष्ट असे मानत. या पंथातच टिकोनियस नावाचे एक प्रापंचिक विद्वान होऊन गेले. पवित्र शास्त्राचा अर्थ कसा लावावा यासाठी त्यांनी सात नियमांचा ग्रंथ लिहिला आणि प्रकटीकरणावर भाष्यही केले. ख्रिस्तसभा साऱ्या जगभर पसरलेली आहे आणि तिच्या एकाच देहात सज्जन व दुर्जन एकत्र नांदतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. ते त्यांच्याच पंथाला रुचले नाही आणि पंथाच्या सभेने त्यांना दोषी ठरवले.

ऑगस्टीन यांनी या विरोधी गोटातील माणसाचा ग्रंथ मनापासून अभ्यासला. शास्त्राच्या अध्ययनाविषयीच्या आपल्या ग्रंथात त्यांनी ते सातही नियम समजावून दिले, त्यांतील उणिवा दाखवल्या आणि थोरवीही मान्य केली. सत्य कोणाच्याही घरी सापडले तरी ते प्रभूचेच, ही त्यांची वृत्ती होती. मात्र येथे एक खंत नोंदवली पाहिजे. याच डोनाटस पंथीयांना ख्रिस्तसभेत परत आणण्यासाठी सम्राटाच्या दंडशक्तीचा वापर करण्यास त्यांनी पुढे संमती दिली. संत हेही माणूसच असतात आणि थोरांच्या चुकांपासूनही आपण शिकावे.

रोम पडले

२४ ऑगस्ट ४१० रोजी अलारिक राजाच्या गॉथ सैन्याने रोम नगरी लुटली. आठशे वर्षांत परक्या शत्रूने न जिंकलेली नगरी तीन दिवस लुटली जात होती. निर्वासितांची जहाजे आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागली. जुन्या देवतांचे उपासक म्हणू लागले की ख्रिस्ती धर्मामुळेच हे अरिष्ट ओढवले. दुसरीकडे अनेक ख्रिस्ती लोकांना वाटले की आता जगाचा शेवट आला. रोमचे साम्राज्य कोसळल्यावर ख्रिस्तविरोधक प्रकट होणार, अशी समजूत पूर्वापार चालत आली होती. विशेष म्हणजे ज्या अँब्रोज यांनी त्यांना शास्त्राचा गूढार्थ शिकवला, त्यांनीच ३७८ च्या सुमारास गोग म्हणजे गॉथ असा अर्थ लावला होता. नावातील साम्य आणि डोळ्यांपुढील युद्ध, दोन्ही त्या अर्थाला पोषकच होते.

ऑगस्टीन यांनी ४१३ साली देवाची नगरी हा बावीस भागांचा ग्रंथ लिहावयास घेतला आणि तो पूर्ण व्हायला सुमारे तेरा वर्षे लागली. त्याच्या विसाव्या भागात त्यांनी अंतिम न्यायाचा आणि प्रकटीकरणातील प्रतीकांचा विचार केला आहे.

एकेकाळी आपणही हजार वर्षांच्या भावी राज्याची कल्पना आध्यात्मिक अर्थाने मानत होतो, हे तेथे ते मोकळेपणाने सांगतात. पुढे त्यांचे मत बदलले. दहाच्या दसपटीची दसपट म्हणजे हजार. हा परिपूर्णतेचा अंक आहे. म्हणून हजार वर्षे म्हणजे ख्रिस्ताच्या पहिल्या आगमनापासून शेवटापर्यंतचा सारा काळ, अर्थात ख्रिस्तसभेचा आजचाच काळ. अजगर जखडला गेला तो ख्रिस्ताच्या विजयाने. ज्या अगाधकूपात त्याला टाकले तो म्हणजे दुष्टांची अंतःकरणे. पहिले पुनरुत्थान म्हणजे पापात मेलेल्या आत्म्याचे आताच उठणे. दुसरे म्हणजे शेवटच्या दिवशी देहाचे उठणे.

श्वापद कोण? कोणी एक राजा नव्हे, तर देवाच्या नगरीला विरोध करणारा साऱ्या जगातील अधर्मी समाज. श्वापदाची मूर्ती म्हणजे ढोंग. तोंडाने श्रद्धा सांगणाऱ्या पण जगताना ती नाकारणाऱ्या लोकांचे सोंग. कपाळावरचा शिक्का म्हणजे आपण कोणाचे म्हणवतो, आणि हातावरचा शिक्का म्हणजे आपण काय करतो. गोग व मागोग यांच्याविषयी तर त्यांनी गुरूचा अर्थ बाजूला ठेवला. ही सीमेपलीकडची कोणती रानटी टोळी नाही, पृथ्वीच्या चारही कोपऱ्यांत जिथे जिथे देवाच्या लोकांचा द्वेष आहे तिथे तिथे ते आहेत, असे त्यांनी मांडले.

ख्रिस्तविरोधकाविषयी ते विशेष सावध होते. अखेरच्या काळी तो येणार हे त्यांनी मान्य केले. परंतु थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात संत पौलाने ज्याला रोखून धरले आहे म्हटले, ते नेमके काय याविषयी आपले अज्ञान त्यांनी उघड कबूल केले. नीरो बादशहा पुन्हा जिवंत होऊन येईल, या लोकसमजुतीचे त्यांना नवलच वाटले. योहानाच्या पहिल्या पत्रावरील प्रवचनांत तर त्यांनी बोट थेट श्रोत्यांच्या छातीकडे वळवले. जो कृतीने ख्रिस्ताला नाकारतो तो ख्रिस्ताचा विरोधकच. म्हणून प्रत्येकाने आधी स्वतःच्या मनाला विचारावे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आपली गत होऊ नये हाच त्याचा मथितार्थ.

तीन सेवक

१९ जुलै ४१८ रोजी सूर्यग्रहण झाले. दुष्काळही पडला. दाल्मातियातील सलोना येथील महागुरुस्वामी हेसिकियस यांना प्रभूने सांगितलेली चिन्हे पूर्ण होताना दिसली आणि त्यांनी ऑगस्टीन यांना पत्र लिहिले. ऑगस्टीन यांनी दीर्घ उत्तर पाठवले. ग्रहणे व युद्धे पूर्वीही झाली आहेत, आफ्रिकेतील कित्येक जमातींपर्यंत शुभवर्तमान अजून पोहोचलेलेच नाही, असे त्यांनी दाखवून दिले. मग तीन सेवकांचे उदाहरण दिले. एक म्हणतो धनी लवकर येईल, दुसरा म्हणतो उशिरा येईल, तिसरा म्हणतो मला ठाऊक नाही. तिघेही धन्यावर प्रेम करतात, तिघेही जागे राहतात. परंतु पहिल्याचा अंदाज चुकला तर लोकांचा विश्वासच डळमळेल. तिसऱ्याचे मात्र काहीच चुकत नाही. या तिसऱ्या सेवकाचे पारडे त्यांनी जड मानले.

वेढ्यातील अखेर

ही शिकवण किती खरी होती याची कसोटी त्यांच्या म्हातारपणी लागली. ४२९ साली गैसेरिक राजाच्या नेतृत्वाखाली व्हँडल लोक आफ्रिकेत उतरले. गावे जळाली, चर्चेस ओस पडली. होनोरातुस नावाच्या महागुरुस्वामींनी विचारले की धर्मगुरूंनी पळून जावे का. लोक मागे राहत असतील आणि त्यांना संस्कारांची गरज असेल तर मेंढपाळाने कळप सोडू नये, असा ऑगस्टीन यांचा सल्ला होता. तो त्यांनी स्वतः पाळला.

४३० च्या उन्हाळ्यात हिप्पोला वेढा पडला. तटाबाहेर शत्रू, आत निर्वासितांची गर्दी. श्वापदाचे किंवा मागोगाचे नाव शत्रूला चिकटवण्याचा मोह व्हावा असाच तो क्षण होता. पण ऑगस्टीन यांचे शिष्य पोसिदियस यांनी लिहिलेल्या चरित्रात अखेरचे चित्र वेगळेच दिसते. तापाने अंथरुणाला खिळलेल्या ऑगस्टीन यांनी पश्चात्तापाची स्तोत्रे लिहून भिंतीवर लावून घेतली. ती वाचत, अश्रू ढाळत ते एकांतात प्रार्थना करीत राहिले. वेढ्याच्या तिसऱ्या महिन्यात, २८ ऑगस्ट ४३० रोजी, पंचाहत्तराव्या वर्षी त्यांनी प्राण सोडला. शत्रू दाराशी असतानाही त्यांनी शोध घेतला तो स्वतःच्या पापाचा.

त्यांच्यानंतर थोड्याच वर्षांत, कार्थेजचे महागुरुस्वामी क्वोदवुल्तदेउस यांच्या नावावर असलेल्या ग्रंथात गोग व मागोग यांना पुन्हा रानटी टोळ्यांची नावे दिली गेली. नंतरच्या शतकांत हूण, मंगोल, तुर्क अशी ती नावे बदलत गेली. प्रत्येक पिढीने आपला शत्रू तेथे बसवला, आणि प्रत्येक अंदाज काळाने पुसून टाकला. ख्रिस्तसभेची आजची शिकवण ऑगस्टीन यांच्या वाटेनेच जाते. १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथात ऐहिक हजार वर्षांच्या राज्याची कल्पना नाकारलेली आहे. प्रभूच्या पुनरागमनाची आशा मात्र ठामपणे सांगितली आहे.

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या फेस्तासाठी आपल्यापैकी अनेक जण जुन्या गोव्याला जातात. तेथील टेकडीवर ऑगस्टीन यांच्या नावाच्या चर्चचा एक उंच, अर्धा पडका मनोरा उभा आहे. १६०२ साली पूर्ण झालेले ते भव्य चर्च १८३५ मध्ये ओस पडले आणि १८४२ मध्ये त्याचे छत कोसळले. माणसाने बांधलेली नगरी, मग ती रोम असो, हिप्पो असो वा गोवा, केव्हातरी ढासळतेच. ढासळत नाही ती देवाची नगरी. तिचे नागरिकत्व अंकांच्या गणितावर मिळत नाही, ते रोजच्या प्रेमाच्या कृतीवर ठरते.

म्हणून पुढच्या वेळी मोबाईलवर असा संदेश आला की तो पुढे धाडण्यापूर्वी क्षणभर थांबावे. महापुरात शेजाऱ्याला घरात घेणारा आणि आजाऱ्याच्या उशाशी बसणारा हात कोणाचा शिक्का मिरवतो, याचा विचार करावा. प्रभू केव्हा येईल हे आपल्याला ठाऊक नाही. तो येईल तेव्हा आपण जागे असावे, एवढे मात्र आपल्या हाती आहे.