केमोचं औषध देणारा भीमवरमचा डॉक्टर: यल्लाप्रगडा सुब्बाराव

केमो म्हटलं की घर हादरतं. केस जाणार, उलट्या होणार, एवढंच आपल्याला ठाऊक. केमोथेरपी म्हणजे रसायनाने रोगावर उपचार. हा शब्द जर्मनीचे शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी रूढ केला. आता तो बहुतेक कॅन्सरच्या औषधांसाठीच वापरतात. त्यातलं एक जुनं औषध एका भारतीयाच्या प्रयोगशाळेतून आलंय, हे फार कमी लोकांना माहीत आहे.

सुब्बाराव 1895 साली आंध्रातल्या भीमवरमला जन्मले. मद्रासला डॉक्टरकी शिकताना खादी घातली म्हणून इंग्रज प्राध्यापक नाराज झाले आणि हातात एमबीबीएसऐवजी खालची एलएमएस पदवी पडली. पुढे ते अमेरिकेत बोस्टनला गेले. पोटासाठी दवाखान्यात रात्रपाळीला रुग्णांची भांडी धुतली. हार्वर्डमध्ये मोठं संशोधन केलं, पण कायम नोकरी मिळाली नाही. 1940 मध्ये ते लेडर्ले या औषध कंपनीत गेले.

तिथे त्यांच्या पथकाने फॉलिक अ‍ॅसिड प्रयोगशाळेत तयार केलं. आशाताई गरोदर बाईला लाल गोळी देतात ना, त्यात लोहासोबत हेच असतं. शरीरातली पेशी वाढून एकाच्या दोन व्हायला ते लागतं. कॅन्सरची पेशी तर भराभर वाढते. मग फॉलिक अ‍ॅसिडसारखंच दिसणारं, पण पेशीचं काम अडवणारं औषध बनवलं: अमिनोप्टेरिन, आणि पाठोपाठ मेथोट्रेक्सेट. खोट्या किल्लीने कुलूप जाम करावं, तसं. केसांच्या मुळाशी, तोंडात, आतड्यातही पेशी भराभर वाढतात, म्हणून त्यांनाही फटका बसतो. केस जातात ते यामुळे, आणि बहुतेकदा परत येतात.

बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कॅन्सर झालेल्या 16 मुलांना अमिनोप्टेरिन दिलं. 10 मुलांना उतार पडला. तो टिकला नाही, पण तोवर या मुलांसाठी काहीच उपाय नव्हता. हा अहवाल जून 1948 मध्ये छापून आला. ऑगस्टमध्ये सुब्बाराव हृदयविकाराने गेले, वय अवघं 53. मायदेशी परतणं झालंच नाही.

मेथोट्रेक्सेट आजही मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर देतात. संधिवातालाही देतात, पण कमी डोसमध्ये आणि आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली तर ही गोळी जिवावर बेतते, तेव्हा चिठ्ठी नीट वाचून घ्या. गडचिरोली, चंद्रपूरकडे हत्तीरोगासाठी वाटतात ती डीईसीची गोळीही सुब्बारावांच्याच पथकाची.