सेनापतींचा रस्ता, मुळशीची वाट

पुण्यातील सेनापती बापट रस्त्यावरून सायकल चालवणे हे आज धाडसाचेच काम आहे. दोन्ही बाजूंना काचेच्या उंच इमारती, मध्ये अखंड वाहणारी वाहने आणि त्यातून वाट काढणारा सायकलस्वार. सुट्टीच्या दिवशी यांतील अनेकांची चाके मुळशीकडे वळतात. नळ स्टॉप, पौड फाटा, चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पौड असा सुमारे पंचेचाळीस किलोमीटरचा हा प्रवास. रस्त्याच्या या टोकाला ज्यांचे नाव आहे, त्यांच्याच आयुष्यातील सर्वांत मोठी लढाई त्या टोकाच्या पाण्याखाली निजली आहे, हे मात्र फारच थोड्यांच्या ध्यानी येते.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी नगर जिल्ह्यातील पारनेर येथे झाला. घरची स्थिती बेताची, पण बुद्धी तल्लख. डेक्कन कॉलेजातील शिक्षणानंतर शिष्यवृत्ती मिळवून ते १९०४ मध्ये एडिंबरोला गेले. अभियांत्रिकीचा अभ्यास चालू असतानाच हिंदुस्थानातील ब्रिटिश राजवटीवर तेथे जाहीर टीका केल्यामुळे त्यांची शिष्यवृत्ती बंद झाली. लंडनमधील क्रांतिकारकांच्या सहवासात त्यांची दिशा पक्की झाली. पॅरिसला जाऊन त्यांनी बाँब बनवण्याची विद्या मिळवली आणि १९०८ मध्ये ते मायदेशी परतले. पुढे अलीपूर खटल्याच्या धरपकडीत त्यांना भूमिगत व्हावे लागले, अटकही झाली.

सुटकेनंतरचे बापट वेगळेच दिसतात. त्यांनी हाती झाडू घेतला. पारनेरचे रस्ते झाडणे, अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबांना सन्मानाने पंगतीला बसवणे, मुंबईत झाडूवाल्यांच्या संपात त्यांच्या बाजूने उभे राहणे, हे त्यांचे व्रत झाले. बाँबची विद्या शिकून आलेल्या माणसाने रस्ता झाडावा, याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले. बापटांना मात्र त्यात विसंगती दिसली नाही.

मुळशी खोऱ्यात त्या सुमारास टाटांच्या कंपनीची जलविद्युत योजना आकार घेत होती. मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज हवी होती. त्यासाठी मुळा नदी अडवून तिचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून कोकणात भिरा येथे सोडायचे होते. या योजनेची झळ पन्नासहून अधिक गावांना बसणार होती. आंबेमोहोर भाताची ही खाचरे मावळ्यांनी पिढ्यान् पिढ्या राखलेली. सरकारने भूसंपादनाचा कायदा कंपनीच्या हाती दिला आणि शेतकऱ्यांना न विचारताच मोजणीच्या खुणा रोवल्या गेल्या.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या कामावर ठाण मांडले. बायका मुलांसह पुढे आल्या. काम काही काळ थांबले, पण ते पुन्हा सुरू झाले आणि लढा तुरुंगाच्या दारात जाऊन पोचला. बापट आणि त्यांचे सहकारी विनायकराव भुस्कुटे यांनी तो चिकाटीने चालवला. ‘सेनापती’ ही पदवी बापटांना चिकटली ती याच लढ्यात.

हा लढा केवळ कंपनीशी नव्हता. खोऱ्यातील बरीच जमीन सावकारांकडे अडकलेली होती. रोख मोबदल्याचा मोह त्यांना होता, जमीन गमावण्याचे दुःख कुळांना होते. त्यामुळे एकजुटीला तडे गेले. याच काळात, ऑक्टोबर १९२३ मध्ये, मुंबईतील सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले होते. त्यांतील तिघे मार्च १९२८ मध्ये ती पूर्ण करून परतले. ते वाळवंटे तुडवीत असताना बापट तुरुंगात खडतर दिवस काढीत होते. डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी धरणाच्या कामावर जाणारी गाडी रुळांवर दगड रचून अडवली आणि त्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. सिंधमधील हैदराबादच्या तुरुंगात त्यांची रवानगी झाली. १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजकेंद्र चालू झाले, तेव्हा सेनापती गजाआड होते.

लढाई हरली, माणूस मात्र हरला नाही. १९३१ मध्ये सुटल्यावर ते प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि पुन्हा तुरुंगात गेले. पुढे सुभाषचंद्र बोस यांच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये ते सामील झाले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात राष्ट्रध्वज फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. साठी-सत्तरी उलटल्यावरही गोवामुक्ती आणि संयुक्त महाराष्ट्र या लढ्यांत ते पुढच्या रांगेत होते. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. पुण्याप्रमाणेच मुंबईतील एका गजबजलेल्या रस्त्यालाही त्यांचे नाव आहे. आयुष्यभर रस्त्यावर उतरलेल्या माणसाचे हे स्मारक एका परीने यथोचितच म्हणावे लागेल.

मुळशीकडे निघालेल्या सायकलस्वाराला चढउतारांची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. पिरंगुटच्या घाटात पायांत गोळे येतात. मागून येणारा डंपर कर्णा वाजवीत अगदी अंगाला चाटून जातो आणि सायकलस्वार रस्त्याच्या कडेच्या खडीवर ढकलला जातो. आपण या रस्त्यावर कोणाच्या खिजगणतीतही नाही, ही जाणीव त्या क्षणी टोचते. पौड मागे पडल्यावर रहदारी विरळ होते, वारा सुटतो आणि वळणापलीकडे निळेशार पाणी दिसते. सारा शीण जातो, तो इथे. पण ज्या पाण्याने आपला शीण घालवला, त्याने कोणाची तरी घरे आणि देवळे पोटात घेतली आहेत. वेगवान आणि बलवान वाहनांनी दुर्बलाला कडेला ढकलावे, हा न्याय शंभर वर्षांपूर्वी या खोऱ्याने फार मोठ्या प्रमाणावर भोगला. सेनापतींनी त्या वेळी वाटेत उभे राहण्याचे धैर्य दाखवले. काठावर सायकल टेकवून क्षणभर विसावताना त्यांची आठवण व्हावी, एवढे तरी या वाटेचे ऋण आपल्यावर आहेच.