पंडिता रमाबाईंची वाट

पुण्याहून दौंडकडे जाणारी पॅसेंजर केडगावला थांबते. गेल्या वर्षी तेथे उतरून पंडिता रमाबाईंचे मुक्ति मिशन पाहण्याचा योग आला. तोपर्यंत रमाबाई म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातील दोन ओळी, एवढेच मला ठाऊक होते. परत आल्यावर ग्रंथालयातून त्यांचे चरित्र आणले आणि दोन रात्रींत वाचून संपवले.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. सहा महिन्यांच्या असताना त्यांना वेताच्या पेटाऱ्यात घालून, माणसाच्या डोक्यावरून डोंगराखाली आणले. तेव्हापासून चालणे सुरू झाले. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत तीर्थामागून तीर्थ करीत. पुढे दुष्काळाने आई, वडील, थोरली बहीण, तिघांनाही ओढून नेले. आईला खांदा द्यायला चौथा माणूस मिळेना, तेव्हा रमाबाई पुढे झाल्या. उंचीने कमी, म्हणून त्यांनी तो भार डोक्यावर घेतला. स्मशान तीन मैलांवर होते.

मग भाऊ श्रीनिवास आणि त्या, अशी दोघेच ४००० मैलांहून अधिक पायी हिंडली. पंजाबात झेलमच्या काठी थंडी सोसवेना, तेव्हा दोघांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले आणि गळ्यापर्यंत वाळू ओढून रात्र काढली. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते.

१८७८ साली कलकत्त्यात 'पंडिता' ही पदवी मिळाली. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी गेले. पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

आपल्याला वाटते, इथे मन शांत झाले असेल. तसे झाले नाही. धर्म मिळाला, पण ख्रिस्त भेटला नाही, अशी तळमळ पुढे सुमारे आठ वर्षे त्यांना होती. नंतर त्यांना उमगले की ही कृपा पुण्य जोडून मिळवायची नसते, ती नुसती घ्यायची असते. ज्या बाईने देवाला गाठण्यासाठी निम्मा देश पायांखाली घातला, तिला हे पटायला किती जड गेले असेल!

त्या शांतीने संकटे मात्र टळली नाहीत. १८८९ साली मुंबईत काढलेले शारदा सदन पुण्यात आल्यावर, मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात म्हणून १८९३ साली वादळ उठले. रानडे, भांडारकर बाजूला झाले, पुष्कळ मुली पालकांनी काढून नेल्या. पालकांची काळजी खोटी होती असे मला म्हणवत नाही. पण रमाबाई डगमगल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व बायका घेऊन आल्या. भूक काय असते हे त्यांना कुणी सांगायला नको होते.

अखेरच्या वर्षांत हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर चालले होते. बायका-मुलींना समजेल अशा साध्या मराठीत ते त्यांना हवे होते. १९२१ साली मनोरमाही गेली. तरी मुद्रिते तपासणे थांबले नाही. शेवटची मुद्रिते हातावेगळी केली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच रमाबाईंचा झोपेत अंत झाला.