जाक कुस्तो यांचं जीवन आणि नवशिक्याचं स्कूबा सामान



सुट्टी लागली की आपल्या बुलढाणा जिल्ह्यातली बरीच कुटुंबं आता मालवण-तारकर्लीला जातात. तिथे सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंग करता येतं. घरी परतल्यावर मोठी मुलं मोबाइलवर स्कूबाचं सामान शोधत बसतात, आणि यातलं काय घेऊन द्यावं हा प्रश्न पालकांपुढे येतो. या प्रश्नाचं उत्तर फ्रान्सच्या जाक कुस्तो यांच्या आयुष्यात सापडतं. पाणबुड्याचं सामान त्यांच्या हाती ज्या क्रमाने आलं, तोच क्रम नवशिक्यानेही धरावा. कसा, ते पाहू.

बालपण आणि अपघात

जाक-ईव्ह कुस्तो यांचा जन्म ११ जून १९१० रोजी फ्रान्समध्ये झाला. लहानपणी ते तब्येतीने नाजूक होते, पण पोहायला लवकर शिकले. अभ्यासात मात्र मन रमेना. शाळेच्या खिडक्यांच्या काचा फोडल्या म्हणून त्यांना शाळेतून काढलं होतं. वर्गातल्या खोडकर पोरांविषयी बोलताना आपण हे लक्षात ठेवायला हरकत नाही. याच मुलाने किशोरवयात पैसे साठवून सिनेमाचा कॅमेरा घेतला होता आणि तो खोलून पुन्हा जोडलाही होता.

१९३० मध्ये ते नौदलाच्या प्रबोधिनीत दाखल झाले. त्यांना वैमानिक व्हायचं होतं. पण मोटारीचा मोठा अपघात झाला, दोन्ही हात जायबंदी झाले आणि विमान कायमचं सुटलं. हातात ताकद यावी म्हणून ते तूलों बंदराजवळ समुद्रात पोहू लागले.

पहिली वस्तू: डोळ्यांसाठी

तिथे फिलिप ताय्ये या नौदलातल्या मित्राने त्यांना पाण्यात घालायचा चष्मा दिला. डोकं पाण्याखाली घातलं आणि कुस्तोंच्या आयुष्याची दिशाच बदलली. यंत्र नाही, टाकी नाही, फक्त स्वच्छ दिसणं.

म्हणून नवशिक्याने स्वतःच्या पैशाने पहिल्यांदा घ्यावा तो मास्क. पोहण्याचा साधा गॉगल इथे चालत नाही. तो फक्त डोळे झाकतो, आणि खोल गेल्यावर पाण्याच्या दाबाने डोळ्यांवर आवळला जातो. स्कूबाच्या मास्कमध्ये नाकही आत असतं, त्यामुळे नाकातून थोडी हवा सोडून आतला दाब सारखा करता येतो. काच टेम्पर्ड हवी आणि कडा मऊ सिलिकॉनची. दुकानात तपासायची सोपी रीत अशी: पट्टा डोक्याला न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत घ्या आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तो तुमच्या चेहऱ्याचा. वडिलांना भरघोस मिशा असतील तर तिथून पाणी झिरपेल, तेवढं ध्यानात घ्या. चष्मा लागणाऱ्यांसाठी नंबरच्या काचेचे मास्क मिळतात.

दुसरी वस्तू: पायांसाठी

लुई द कोर्लिय या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने १९३३ मध्ये पायात घालायच्या रबरी फिन्सचं पेटंट घेतलं होतं. कुस्तो, ताय्ये आणि फ्रेडरिक द्युमा हे तिघे मित्र मास्क आणि फिन्स लावून, दम धरून बुड्या मारत. अशी काही वर्षं गेली. पाणी ओळखीचं झालं ते याच काळात.

नवशिक्याची दुसरी खरेदी म्हणजे फिन्स आणि श्वासाची नळी, म्हणजे स्नॉर्केल. फिन्स पायाला घट्ट बसाव्यात, पण बोटं आवळली जाऊ नयेत. फार लांब आणि कडक घेतल्या तर पोटऱ्यांत गोळे येतात. एवढ्या सामानावर पोहण्याच्या तलावात, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, सराव होऊ द्या.

शेवटची वस्तू: श्वासासाठी

कुस्तोंना पाण्याखाली जास्त वेळ राहायचं होतं. त्यांनी शुद्ध ऑक्सिजनचं उपकरण वापरून पाहिलं. सुमारे १४ मीटरवर त्यांना झटके आले आणि शुद्ध हरपली. असं दोनदा घडलं, दोन्ही वेळा जिवावरचं निभावलं. दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन विषासारखा वागतो. आपण वर्गात सर्रास ऑक्सिजनचं सिलिंडर म्हणतो, ते इथे दुरुस्त करू या. पाणबुड्याच्या पाठीवरच्या टाकीत साधारणपणे दाबून भरलेली साधी हवा असते.

पुढे महायुद्धात पेट्रोलची टंचाई होती. एमिल गान्याँ या अभियंत्याने गॅसवर चालणाऱ्या मोटारींसाठी एक झडप बनवली होती. त्याच तत्त्वावर दोघांनी श्वासाचा रेग्युलेटर तयार केला. १९४३ च्या सुरुवातीला मार्न नदीत चाचणी घेतली तेव्हा आडवं पोहताना हवा नीट मिळाली, पण उभं राहिलं की ती वाया जाई आणि डोकं खाली केलं की कमी पडे. त्यांनी हवा बाहेर सोडणारी झडप आत घेणाऱ्या झडपेच्या पातळीवर आणली, आणि अडचण मिटली. त्याच वर्षी जूनमध्ये भूमध्य समुद्रात हे उपकरण यशस्वी ठरलं. तेच ॲक्वालंग.

रेग्युलेटरचं काम समजून घ्या. पृष्ठभागावर दाब १ वातावरण असतो, १० मीटर खाली तो २ होतो. रेग्युलेटर तिथल्या दाबाएवढ्याच दाबाची हवा देतो. म्हणजे १० मीटरवर भरून घेतलेला श्वास वर येताना दुप्पट जागा मागतो. तो कोंडून धरला तर फुप्फुस फाटू शकतं.

आपल्याकडच्या मुलांसाठी हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. आपली पोरं विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकतात आणि दम कोंडून तळातला खडा काढायच्या पैजा लावतात. टाकी नसताना ते ठीक. टाकी लावली की तीच सवय जिवावर उठते. स्कूबाचा पहिला नियमच असा आहे, की श्वास कधीही रोखायचा नाही.

त्यामुळे रेग्युलेटर, टाकी, हवा भरायचं जॅकेट आणि वजनाचा पट्टा सुरुवातीला विकत घेऊ नका. ते प्रशिक्षण केंद्राकडून वापरायला मिळतं. तुम्ही फक्त पाहा: दाब दाखवणारा काटा चालतो का, जोडीदारासाठी दुसरं मुखपत्र आहे का, वजनाचा पट्टा एका हाताने सुटतो का. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं प्रशिक्षण केंद्र आहे. दमा, कानाचं दुखणं, फिट किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि प्रशिक्षकापासून काही लपवू नका. त्याच दिवशी घाट चढून निघायचं असेल तर तेही त्यांना विचारून घ्या.

यंत्राच्या पलीकडे

१९४७ मध्ये कुस्तोंचे सहकारी मोरिस फार्ग खोलीचा विक्रम करायला उतरले आणि सुमारे १२० मीटरवर गेल्यानंतर दगावले. एवढ्या खोलीवर हवेतल्या नायट्रोजनने माणसाला गुंगी येते. उत्तम उपकरणही माणसाला मर्यादेपलीकडे नेऊन सुखरूप परत आणेलच, असं नाही.

पुढे १९५० पासून कालिप्सो या जहाजावरून कुस्तोंनी जगभरचे समुद्र पालथे घातले. त्यांच्या समुद्रावरच्या चित्रपटाला १९५६ मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्यात शार्क मारल्याची आणि प्रवाळात सुरुंग उडवल्याची दृश्यं आहेत. पण नंतर हेच कुस्तो समुद्राचे रक्षक झाले. १९६० मध्ये किरणोत्सारी कचरा भूमध्य समुद्रात टाकण्याला त्यांनी विरोध केला, आणि १९७३ मध्ये समुद्ररक्षणासाठी संस्था काढली. २५ जून १९९७ रोजी त्यांचं निधन झालं. मालवणच्या प्रवाळाला हात न लावणं हा धडाही मुलांना त्यांच्याच आयुष्यातून देता येईल.

एखादं मूल विचारेल, की लोणारच्या सरोवरात बुडी मारता येईल का? नाही. ते पाणी खारट, अल्कधर्मी आणि उथळ आहे, शिवाय तो परिसर अभयारण्य आहे. खडकपूर्णा किंवा नळगंगेच्या धरणातही मुलांना सामान देऊन स्वतःहून उतरू देऊ नका.

वर्गात एवढं करून पाहा: रिकामा पेला उपडा करून बादलीभर पाण्यात सरळ खाली दाबा. आतली हवा पेल्यातच राहते आणि खाली नेताना किंचित आकसते. मुलांना तिथे रेग्युलेटर कळेल. आणि पालकांनी आधी मास्क घ्यावा, मग फिन्स. श्वासाचं यंत्र मात्र शिकून झाल्यावरच.